एक मेगाबाइटचं भांडण आणि वहीची मालकी

पुण्यात बिटकॉइन हा शब्द बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला तो पोलिसांच्या बातमीत. २०१८ च्या एप्रिलमध्ये ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणी पुणे पोलिसांनी अमित भारद्वाजला अटक केली. दरमहा दहा टक्के परताव्याचं आमिष दाखवून लोकांकडून बिटकॉइन घेतल्याचा तो आरोप होता. त्यामुळे आजही हडपसरमध्ये कुणी बिटकॉइनचं नाव काढलं की समोरचा आधी विचारतो, ‘किती बुडाले?’ आजचा विषय तो नाही. कुणी पैसे घालावेत की घालू नयेत, हेही मी सांगणार नाही. त्याच काळात, म्हणजे २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत, बिटकॉइनच्या आतल्या लोकांमध्ये एक भांडण पेटलं होतं. ते एका आकड्यावरून होतं: एक मेगाबाइट. आपण मोबाइलवर काढतो तो एक फोटोसुद्धा हल्ली याहून मोठा असतो. एवढ्याशा आकड्यावरून मित्र तुटले, कंपन्या समोरासमोर आल्या आणि शेवटी नाण्याचे दोन तुकडे झाले. असं का झालं, हे बघायचं आहे.

आधी वही समजून घेऊ. आपल्याकडे जमिनीचा सातबारा मूळ स्वरूपात सरकारदप्तरी असतो. आपल्या हातात येतो तो उतारा. उताऱ्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे दप्तरावर विश्वास ठेवायचा. फेरफार कसा झाला, मधली नोंद कुणी घातली, हे आपल्याला घरबसल्या पहिल्या पानापासून तपासता येत नाही. बिटकॉइनची कल्पना नेमकी याच्या उलट आहे. अख्खं दप्तरच प्रत्येकाच्या घरी ठेवायचं. ३ जानेवारी २००९ ला पहिलं पान लिहिलं गेलं, तेव्हापासूनची प्रत्येक नोंद ज्याला हवी त्याने आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची आणि स्वतः तपासायची. असं अख्खं दप्तर बाळगून तपासणाऱ्या संगणकाला ‘फुल नोड’ म्हणतात. साधारण दर दहा मिनिटांनी या वहीत एक नवं पान जोडलं जातं. त्या पानाचं नाव ब्लॉक. पान लिहिण्याची शर्यत खेळणारे ते मायनर. त्यांना त्याबद्दल नवी नाणी आणि फी मिळते.

मराठेशाहीतले महजर तुम्ही इतिहास संशोधकांच्या पुस्तकांत पाहिले असतील. वतनाचा तंटा गोतसभेपुढे यायचा, निवाडा व्हायचा आणि त्या कागदावर हजर असलेल्यांच्या साक्षी पडायच्या. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदारांच्या निशाण्या आपापल्या हत्यारांच्या. लिहिणारा एकच असायचा, पण कागदाला वजन यायचं ते साक्षीदारांमुळे. बिटकॉइनमध्ये मायनर हा लिहिणारा आहे आणि नोड हा साक्षीदार. हे नातं लक्षात ठेवा. पुढचं सगळं भांडण यातूनच निघतं.

आता तो एक मेगाबाइट आला कुठून? २०१० मध्ये सातोशी नाकामोतोने (हा कोण, एक माणूस की अनेक, ते अजून कुणाला ठाऊक नाही) प्रोग्राममध्ये गुपचूप एक ओळ घातली: ब्लॉक दहा लाख बाइटपेक्षा मोठा असता कामा नये. का, ते त्या ओळीशेजारी लिहिलं नाही. तेव्हा वही वापरणारे मूठभर होते आणि कुणी टवाळखोराने फुकटच्या नोंदींनी पानं भरून टाकू नयेत म्हणून हे कुंपण असावं, असं सर्वसाधारण मत आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात जेफ गार्झिक या प्रोग्रामरने मर्यादा वाढवायची सूचना केली. सातोशीचं उत्तर साधारण असं होतं की, गरज पडेल तेव्हा पुढच्या एखाद्या ब्लॉकपासून ती वाढवता येईल, आधी जाहीर करून. त्यानंतर काही महिन्यांत सातोशी नाहीसा झाला. तात्पुरतं कुंपण घालणारा माणूस निघून गेला आणि कुंपण राहिलं. आपल्याकडे तात्पुरत्या म्हणून घातलेल्या किती गोष्टी कायमच्या झाल्या आहेत, ते तुम्हीच आठवा.

एका मेगाबाइटमध्ये किती व्यवहार मावतात? कागदावर सेकंदाला सात, प्रत्यक्षात तीन-चार. २०१५ पर्यंत पानं भरत आली. गॅव्हिन अँड्रिसन, ज्याच्या हाती सातोशीने प्रकल्प सोपवला होता, त्याने त्या वर्षी २० मेगाबाइटचा प्रस्ताव मांडला. चिनी मायनर म्हणाले, आमच्याकडून देशाबाहेर इंटरनेट इतकं वेगाने जात नाही, फार तर ८. म्हणून मग ८, आणि तिथून दर दोन वर्षांनी दुप्पट, असं करत २०३६ मध्ये ८ गिगाबाइट. ऑगस्ट २०१५ मध्ये माइक हर्न आणि अँड्रिसन यांनी ‘बिटकॉइन एक्सटी’ नावाने तसा प्रोग्रामही बाहेर आणला.

या बाजूचं म्हणणं अगदी सरळ आहे. गाडीतळापासून मगरपट्टा चौकापर्यंत संध्याकाळी सातला जो अडकला असेल त्याला ते समजावून सांगायची गरज नाही. रस्ता अरुंद आहे, रुंद करा. चहाचे दहा रुपये द्यायला शंभर रुपये फी पडणार असेल तर हा पैसा कसला? सातोशीने २००८ मध्ये जो नऊ पानी लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘रोकड’ आहे.

विरोधकांचं म्हणणं समजायला थोडा हिशेब करावा लागतो. एक मेगाबाइटची पानं दिवसाला १४४. म्हणजे दिवसाला १४४ एमबी, वर्षाला ५२ जीबीच्या आसपास. ८ मेगाबाइटची पानं भरून आली तर दिवसाला १.१५ जीबी. आता २०१७ च्या उन्हाळ्यातला आपला फोन आठवा. जिओचा ३०३ रुपयांचा प्लॅन, २८ दिवस, दिवसाला एक जीबी. त्या वेळी आपल्याला ती लॉटरीच वाटली होती, कारण वर्षभरापूर्वी एका जीबीला महिन्याकाठी दोन-अडीचशे रुपये जात होते. म्हणजे देशातल्या सर्वांत स्वस्त इंटरनेटचा अख्खा दिवसाचा कोटा नुसती वही उतरवून घेण्यातच संपला असता, वर थोडी उसनवारी करावी लागली असती. आणि नोडला वही घ्यावी लागते तशी इतरांना द्यावीही लागते. ब्रॉडबँडवाल्यांची गत निराळी नव्हती. ठरावीक जीबी संपले की वेग गोगलगाईचा. २०३६ च्या ८ गिगाबाइटच्या ब्लॉकचं तर बोलायलाच नको, ते दिवसाला एक टेराबाइटच्या वर जातं.

मग काय होईल? वही बाळगतील फक्त मोठ्या कंपन्या. बाकीचे त्यांच्याकडून उतारा घेतील. पुन्हा सातबाराच. फरक इतकाच की तलाठ्याविरुद्ध निदान प्रांताकडे अपील करता येतं. या कंपन्यांविरुद्ध कुणाकडे जाणार?

मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण या वादाबद्दल बोलताना बरेच लोक ‘तांत्रिक मतभेद’ म्हणून तो बाजूला ठेवतात. पान किती मोठं असावं, यात अडकलेला खरा प्रश्न हा होता की साक्षीदार व्हायला किती खर्च यावा. तो खर्च कुणाच्या खिशाला परवडावा, अमेरिकेतल्या डेटा सेंटरच्या की हडपसरच्या भाड्याच्या खोलीतल्या पोराच्या? मॉन्ट्रियल आणि हाँगकाँगच्या परिषदांत बसलेल्यांपैकी या पोराचा विचार कितींनी केला असेल, शंका आहे. पण हिशेब त्याच्यापर्यंत येऊन पोचतो.

एक्सटीला फारसा पाठिंबा मिळाला नाही. जानेवारी २०१६ मध्ये माइक हर्नने बिटकॉइनचा प्रयोग फसला असं जाहीर केलं, आपली नाणी विकली आणि तो बाहेर पडला. मग दोन मेगाबाइटवाले आले, अमर्याद ब्लॉकवाले आले. फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये मायनर आणि काही प्रोग्रामर यांची रात्रभर बैठक होऊन करार झाला, तोही पाळला गेला नाही असं दोन्ही बाजू एकमेकींना सांगत राहिल्या. हे सगळं मी पटकन ओलांडतो, कारण ते आपल्या कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखं आहे.

मधला एक मार्ग मात्र समजून घेण्यासारखा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये हाँगकाँगच्या परिषदेत पीटर वुइले याने ‘सेगविट’ मांडलं. प्रत्येक व्यवहारात बरीच जागा सह्या खातात. त्या सह्या वेगळ्या काढून त्यांचं माप कमी धरायचं. जुन्या नोडला पान एक मेगाबाइटचंच दिसतं, नव्या नोडला साधारण दोनच्या आसपास भरतं. शिवाय यामुळे ‘लाइटनिंग’ची वाट मोकळी होते. लाइटनिंग म्हणजे काय, तर किराणा दुकानातलं उधारीचं खातं. रोज साखर-चहा न्यायचा, दोघांनी आपापल्या डायरीत लिहायचं आणि हिशेब मिटवताना एकदाच मोठ्या वहीत नोंद करायची. मात्र इथे खातं उघडतानाच रक्कम अडकवून ठेवलेली असते, त्यामुळे दुकानदाराला बुडवता येत नाही.

सेगविट लागू व्हायला अट अशी होती की ९५ टक्के ब्लॉकमध्ये मायनरांनी होकार द्यावा. नोव्हेंबर २०१६ पासून मोजणी सुरू झाली. ती महिनोन्‌महिने तीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळली. मायनर म्हणत होते, आधी पान मोठं करा, मग बघू.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं, तेही शेजारी ठेवून बघा. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली. सप्टेंबरात जिओ आलं. ८ नोव्हेंबरला नोटबंदी. बिटकॉइनवाले सेकंदाला तीन व्यवहारांचे सात कसे करायचे यावर भांडत असताना मुंबईतल्या एका संस्थेने, एनपीसीआयने, विकेंद्रीकरणाच्या भानगडीत न पडता देशाच्या पेमेंटचा रस्ता बांधायला घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला एक हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. सेकंदाला सरासरी ३,९०० च्या आसपास. चहाचे दहा रुपये देण्याचा प्रश्न आपल्यापुरता सुटला. तो सुटला कारण वही एकाच घरी आहे आणि त्या घरावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे. यात मला काही वावगं वाटत नाही. पण तो वेगळ्या प्रश्नाचा सुटलेला हिशेब आहे, हे विसरू नये.

आता २०१७. २३ मे ला न्यूयॉर्कमध्ये ५८ कंपन्यांनी करार केला: सेगविट आधी, मग काही महिन्यांत ब्लॉक दोन मेगाबाइट. २२ देशांतल्या कंपन्या त्यात होत्या. भारतातून युनोकॉइन होती. मायनिंगची ८३ टक्के ताकद आपल्यामागे आहे, असं त्यांचं म्हणणं. व्यवहारात ८३ टक्के म्हणजे निकाल लागला. आपल्याच शेजारी मगरपट्टा घ्या. तिथे नव्वदच्या दशकात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे कंपनीत शेअर. कंपनीत ८३ टक्के एका बाजूला असले की चर्चा संपते. लोकशाहीत डोकी मोजली तरी संपते.

पण बिटकॉइनमध्ये ना शेअर मोजत ना डोकी. तिथे प्रत्येक नोड स्वतःपुरतं एकच ठरवतो: समोर आलेलं पान माझ्या नियमात बसतं की नाही. बसलं तर ठेवतो, नाही तर फेकतो. मोठ्या ब्लॉकच्या विरोधकांनी याचंच हत्यार केलं. टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रामरने आवाहन केलं की, १ ऑगस्ट २०१७ पासून सेगविटला होकार न देणारी पानं आपले नोड स्वीकारणारच नाहीत. साक्षीदारांनी लिहिणाऱ्यावर घातलेला बहिष्कारच हा. असे नोड चालवणारे एकूण वापरणाऱ्यांत थोडेच होते. पण पान लिहायला वीज लागते, पैसा लागतो. आणि लिहिलेलं पान उद्या बाजारात चालणार नाही अशी नुसती शंका आली तरी मायनरचा हात थांबतो. जुलैमध्ये मायनरांनी घाईघाईने होकार दिला. २४ ऑगस्टला सेगविट लागू झालं.

ज्यांना मोठी पानं हवी होती त्यांच्यातला एक गट १ ऑगस्टलाच आठ मेगाबाइटची स्वतःची वही घेऊन वेगळा निघाला: बिटकॉइन कॅश. तोवरची सगळी पानं दोघांची सारखी, पुढची वेगळी. भाऊबंदकीत वाटणी होते तशी. फक्त इथे जुन्या घराच्या दोन पूर्ण प्रती निघाल्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्या गटाचीही पुन्हा वाटणी झाली, त्यातल्या एकाने पानं आणखी प्रचंड केली आणि २०२१ मध्ये त्याच वहीची अलीकडची पानं हल्लेखोरांनी उलटून दाखवली.

राहिला न्यूयॉर्क कराराचा दुसरा भाग, दोन मेगाबाइट. त्या भावी नाण्याचे आगाऊ सौदे बाजारात व्हायला लागले आणि भाव मूळ नाण्याच्या कितीतरी खाली निघाला. लोक आपल्या पैशाने सांगत होते की कोणती वही ते खरी मानणार. करार करणाऱ्यांनी शेवटी योजना मागे घेतली ती ८ नोव्हेंबर २०१७ ला. आपल्या नोटबंदीला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. केवळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो. एका ८ नोव्हेंबरला एका घोषणेने देशातलं ८६ टक्के चलन रद्द होतं, आणि दुसऱ्या ८ नोव्हेंबरला ५८ कंपन्या मिळून एका आकड्याचे दोन करू शकत नाहीत.

छोट्या ब्लॉकवाले जिंकले, असं इतिहास सांगतो. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण त्यांच्या विजयाची किंमत कुणी दिली हेही मांडायला हवं. त्याच वर्षी डिसेंबरात एका व्यवहाराची सरासरी फी ५० डॉलरच्या वर गेली. म्हणजे तीन हजार रुपयांहून जास्त. ज्याला हजार रुपये पाठवायचे होते तो वहीतून बाहेर पडला. तो कुठे गेला? बहुतेक वेळा एखाद्या एक्स्चेंजच्या ॲपवर, जिथे नाणं त्याच्या नावावर दिसतं पण असतं एक्स्चेंजकडे. वही प्रत्येकाच्या घरी राहावी म्हणून पान लहान ठेवलं, आणि पान लहान म्हणून लहान माणूस पुन्हा उताऱ्यावर आला. छोट्या ब्लॉकवाल्यांनी या गोष्टीचं समाधानकारक उत्तर आजवर दिलेलं मी वाचलेलं नाही. लाइटनिंग आहे, चालतंही, पण खातं उघडायला मोठ्या वहीत नोंद लागतेच, आणि तिथे फी आहेच.

हाच प्रश्न दुसऱ्या वहीत, इथेरियममध्ये, त्याच डिसेंबरात उभा राहिला. ‘क्रिप्टोकिटीज’ नावाच्या, मांजरांची पिल्लं विकण्याच्या एका खेळाने इथेरियमची पानं तुंबली. आणि आता गोष्ट महाराष्ट्रात येते. २०१७ मध्येच मुंबईत जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी ‘मॅटिक’ सुरू केलं, जे २०२१ पासून पॉलिगॉन म्हणून ओळखलं जातं. त्यांची तोड अशी: इथेरियमचं पान मोठं करायच्या फंदात पडायचं नाही, शेजारी दुसरी जलद वही ठेवायची. दोन सेकंदाला एक पान. तपासनीस मोजके, शंभरच्या आसपास. आणि ठरावीक वेळाने आपल्या पानांचा ठसा मोठ्या वहीत डकवायचा. फी काही पैशांवर आली. त्यांच्या चाचणीच्या जाळ्याचं नाव अनेक वर्षं ‘मुंबई’ होतं. जगभरचे प्रोग्रामर आपले प्रयोग ‘मुंबई’वर करायचे.

मोजक्या तपासनिसांचा फायदा आणि धोका एकाच प्रसंगात दिसला. ३ डिसेंबर २०२१ ला पॉलिगॉनच्या प्रोग्राममध्ये एक भयंकर भोक सापडलं. नऊशे कोटींहून जास्त मॅटिक नाणी त्यातून निघून जाऊ शकत होती. दोन दिवसांत, गाजावाजा न करता, तपासनिसांनी नवा प्रोग्राम चढवला. तेवढ्यात सुमारे आठ लाख नाणी कुणीतरी पळवली होती. लोकांना सविस्तर कळलं ते २९ डिसेंबरला. दुरुस्ती इतकी चटकन झाली कारण ठरवणारे हात थोडे होते. पण जे हात दोन दिवसांत चांगला बदल करू शकतात, ते दोन दिवसांत दुसराही करू शकतात. बिटकॉइनवाल्यांनी इथे फार नाक वर करू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांच्याही प्रोग्राममध्ये नाणी फुगवता येतील असं भोक निघालं होतं आणि दुरुस्ती देताना आधी अर्धीच गोष्ट सांगितली गेली होती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं नाणी खेळणाऱ्यांचं, आपल्याला काय? मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवून देण्याचा उपक्रम जाहीर झाला. हेतू चांगला: बनावट दाखले ओळखता यावेत. जातीच्या दाखल्यावर आपल्याकडे माणसाचं शिक्षण, नोकरी, निवडणूक अवलंबून असते; खोट्या दाखल्याने खऱ्या आदिवासी मुलाची जागा जाते. पण आता तो मुलगा दाखला घेऊन आला आणि कुणी शंका काढली, तर वही कुठली उघडायची? पॉलिगॉनची अख्खी वही ठेवायला काही टेराबाइटची डिस्क आणि बऱ्यापैकी संगणक लागतो. एटापल्लीच्या कचेरीत ते नसणार, भामरागडच्या आश्रमशाळेत तर नाहीच. म्हणजे क्यूआर कोड दाबायचा, कुणाच्या तरी सर्व्हरला विचारायचं, आणि तो जे सांगेल ते मानायचं. तहसीलदाराच्या सहीपेक्षा हे बरं की वाईट, यावर माझं मत असं आहे की बनावट कागदाविरुद्ध बरंच बरं. मूळ नोंद करणाऱ्या कारकुनाने पहिल्याच दिवशी चुकीचं नाव घातलं असेल, तर त्यावर मात्र काहीच उपाय नाही. ती चूक पक्की होऊन बसते, आणि ती दुरुस्त करायला त्या मुलाला पुन्हा त्याच कचेरीत जावं लागतं.

वेळ संपत आली आहे. मागे बसलेल्या दोघा-तिघांनी मघापासून हात वर केलेत, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.